मुतुराच्या ओळखीचा चेहरा

सुलैतीच्या सलूनमध्ये अर्धी दाढी उतरलेली आणि अर्धी साबणात, अशा अवस्थेत सेरुगेंडोला खोकला आला. एकच. तोही काही दमदार खोकला नव्हे, घशातून मांजराने एक नखी ओढावी तेवढाच. त्या घटकेला किसोरो गावात निम्मी माणसं खोकत असणार, बसअड्ड्यावर धुळीने, चुलीपाशी धुराने, चर्चमध्ये फादरचं प्रवचन लांबलं म्हणून. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण सेरुगेंडो खोकला आणि सुलैतीचा वस्तरा हवेतच थांबला, बाकावर नंबर लावून बसलेल्या बटाटेवाल्याने मान वर केली, आणि आरशातला सेरुगेंडो खुर्चीतल्या सेरुगेंडोकडे असा बघायला लागला, जणू दोघांपैकी एकाने काहीतरी चोरलंय. गोरिलांचा माग काढणाऱ्याने खोकावं म्हणजे पेट्रोलपंपावरच्या माणसाने काडी ओढावी, हे किसोरोत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"धूर गेला घशात," सेरुगेंडो म्हणाला.

"कसला धूर, दादा? माझं दुकान विजेवर चालतं," सुलैती म्हणाला. "आणि वीज सकाळपासून नाहीये."

"उद्या वर जाऊ नकोस हां," बटाटेवाला म्हणाला. "तुझ्या त्या केसाळ सासऱ्यांना सर्दी झाली तर डॉक्टर धावत येतात, बंदुकीतून औषध मारतात. मला फुफ्फुसाचं झालं तेव्हा दवाखान्यात साधी गोळी नव्हती. नर्स म्हणाली, घरी जा आणि गरम पाणी पी."

"तूही पाठीवर रुपेरी केस उगव. येतील तुझ्यासाठी."

"केस कुठले उगवतायत? डोक्यावरचे होते ते या सुलैतीनेच खाल्ले."

सगळे हसले. सेरुगेंडोही हसला, पण ते हसू घशाशी पुन्हा त्याच जागी खरवडून गेलं, आणि त्याला कळलं की हा धूर नाही, धूळ नाही, हा तो आहे. रविवारचा. मडक्यातला. वस्तरा पुन्हा गालावर चालू लागला. साबणाखालून एकेक पट्टी उघडी पडत गेली आणि त्याचा चेहरा हळूहळू त्याचा स्वतःचा झाला. म्हणजे मुतुराला माहीत असलेला झाला, कारण दाढी तो करायचा ती बायकोसाठी नव्हे. नेझाने त्याच्या चेहऱ्याकडे बघणं कधीच सोडून दिलं होतं. "मी मेले तर तुला कळायला आठवडा लागेल, आणि तिथे डोंगरात कुणी एक ढेकर चुकवली तर तुला इथे झोप लागत नाही," असं ती वरचेवर म्हणायची आणि ते खरं होतं. दाढी होती मुतुरासाठी. खुंट वाढले की मुतुरा डोकं तिरकं करून बघायचा, एखाद्या म्हाताऱ्या मुकादमाने नव्या मजुराकडे बघावं तसा.

मुतुरा आता गोरिलांच्या त्या कळपाचा धनी. पाठ रुपेरी, मस्तक कोहळ्याएवढं, आणि नाकाच्या वर दोन सुरकुत्या अशा की खिळ्याने कोरल्यात. नाकावरूनच तर ओळखायचं, प्रत्येकाचं नाक निराळं. पण सेरुगेंडोने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ढुंगणावर पांढरा झुपका असलेलं ते एक कारटं होतं, आणि सेरुगेंडो स्वतःही कारटंच होता, मिसरूड फुटलेलं. तेव्हाच्या कामाला काम म्हणावं का, हाच प्रश्न. माणसाला न घाबरण्याची त्यांना सवय लावायची. म्हणजे रोज सकाळी कालच्या रात्रीच्या गाद्या शोधायच्या, पाल्याच्या, अजून कोमट, तिथून चुरगळलेल्या गवतामागे जायचं, कळप दिसला की लांब बसायचं, आणि काही करायचं नाही. खाली बघायचं. काखेत खाजवायचं. काटेरी पाला ओरबाडून चावल्यासारखं करायचं. गावात अजून सांगतात की सेरुगेंडोने त्या दिवसांत इतका पाला खाल्ला की घरची शेळी त्याला भाऊ समजून चाटायची, आणि लग्नात सासूने घेवडा वाढला तर तो आधी हुंगून मग उकिडवा बसला. यातलं शेळीचं खोटं आहे. उकिडवा बसला होता. आणि ते बसणं चालू असताना घशाच्या तळातून एक आवाज काढायचा. तोंड मिटलेलं, दोनदा, जड, पोट भरल्यावर बैल घुमतो तसा. म्म्म-ह्म्म. त्याचा अर्थ, मी आहे, सगळं ठीक आहे. ते एकमेकांना दिवसभर तेच सांगत असतात, झाडीत दिसत नाही म्हणून. पहिले कित्येक महिने त्याने तो आवाज केला की म्हातारा नर छाती बडवत झुडपं मोडत अंगावर यायचा आणि सेरुगेंडोच्या विजारीचं जे व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. मग एके दिवशी तो म्हातारा आला नाही. त्याच्या आडून ते पांढऱ्या झुपक्याचं कारटं आलं, सेरुगेंडोच्या बुटाची नाडी ओढली, तोंडात घातली, थुंकली, आणि त्याच्या उघड्या चेहऱ्याकडे बघून लहानशा, फुटक्या आवाजात म्हणालं, म्म्म-ह्म्म.

त्या दिवशी सेरुगेंडो डोंगर उतरताना रडला होता. घरी सांगितलं, आग्याचा पाला लागला डोळ्याला.

"झालं," सुलैती म्हणाला आणि त्याने गालावर स्पिरिट चोळलं. चरचरलं. "गुळगुळीत. उद्या काय विशेष आहे?"

उद्या. आज सकाळीच बांबूच्या पट्ट्यात जांबा दिसली होती, मुतुराच्या माद्यांतली सगळ्यांत धाकटी, एका हाताने पोटाशी काहीतरी दाबून धरलेली आणि तीन पायांवर चालणारी. पोटाशी होतं ते पिल्लू, अजून नाव न ठेवलेलं. नाव ठेवायच्या आधी जरा तगू देतात. पिल्लाच्या मनगटात तार होती. मोटारसायकलच्या ब्रेकची तार, हरणासाठी लावलेल्या फासाची. बांबू वाकवून लावतात, पाय पडला की बांबू सुटतो. तारेचा तुकडा लोंबत होता, आणि पुढे जो हात होता तो हात नव्हता, वांगं होतं. जांबा ते वांगं चाटत होती. सेरुगेंडोने खाली फोन केला, गोरिलांची डॉक्टर केमिगिशा म्हणाली, उद्या सकाळी आईला गुंगीची सुई मारून तार काढू, पण मुतुरा? "आई पडली की तो आपल्याला फाडून खाईल. तू त्याला ओढ्याच्या पलीकडे धरून ठेवशील?" धरून ठेवायचं म्हणजे दोरीने नव्हे. त्याच्यासमोर बसायचं आणि सगळं ठीक आहे म्हणत राहायचं. "तू असशील तर करते, सेरुगेंडो. तू नसशील तर मी सुई उचलणार नाही. माझी माणसं मरायला नकोत." आणि नियम असा की ज्याला खोकला त्याने जंगलाच्या फाटकावरूनच परत जायचं, खोकला पुरता जाईपर्यंत पुन्हा यायचं नाही. माणसाची साधी सर्दी त्यांच्या छातीत शिरली की निमोनिया होतो. आपले नातेवाईकच की ते, पण आपली दुखणी त्यांच्या अंगाला नवी.

सलूनबाहेर ऊन होतं आणि समोर तिन्ही डोंगर कोरडे, स्वच्छ उभे, त्यांतल्या सबिन्योचे ते म्हाताऱ्याच्या जबड्यातले किडके सुळके अगदी मोजून घ्यावेत असे. बाजारात बायका ज्वारी पाखडत होत्या. ज्वारीचा तो आंबूस, गोडसर वास नाकात गेला आणि रविवार सगळाच्या सगळा पुढे येऊन उभा राहिला. बाशाकाचं अंगण. मधोमध मडकं. बाशाका हा नेझाचा सख्खा भाऊ, आणि सेरुगेंडोने त्याला फास लावताना पकडून दिलं होतं, मेव्हण्याला, पोलिसांच्या हाती. तो आत बसून आला. मग वर्षानुवर्षं दोन घरं एकमेकांच्या मयतीलाही गेली नाहीत. यंदा नेझाने अन्नपाणी सोडलं तेव्हा कुठे थोरली माणसं मध्ये पडली. ठरलं असं की बाशाका फास कायमचे सोडील आणि सेरुगेंडो त्याला भाऊ म्हणेल. आणि असं ठरलं की ते तोंडाने सांगून चालत नाही, दोघांनी एका मडक्यातून, एकाच नळीने, ज्वारीची दारू ओढायची, आधी एक मग दुसरा, नळी न पुसता. पुसली म्हणजे मनात विष आहे.

बाशाका आधी ओढायला वाकला आणि खोकला. ओला, खोल, मडक्यात घुमणारा खोकला. मग त्याने नळी पुढे केली. तिच्या तोंडावर फेस होता.

"घ्या, दाजी," बाशाका म्हणाला. "का डॉक्टरणीला विचारून घेणार?"

अंगण हसलं. नेझा दारात उभी होती, कपाळावर हात धरून, ऊन नसताना.

"त्या माकडांना मिठी मारतोस," थोरला चुलता म्हणाला, "आणि माझ्या पुतण्याची थुंकी चालत नाही?"

"माकडं नव्हेत ती," सेरुगेंडो म्हणाला, सवयीने, आणि नळी तोंडात घेतली. कोमट, आंबट. त्याला वाटलं होतं, ह्या एका घोटाने डोंगरातले सगळे फास सुटणार आहेत. खरंच सुटणार होते. बाशाका त्याच्या खांद्यावर पडून रडला, आणि कानाशी म्हणाला, "सगळे काढले, दाजी, देवाशप्पथ. फक्त एक सापडत नाही. बांबूत कुठेतरी लावला होता. तुम्हाला दिसला तर तोडा."

दिसला. आज सकाळी दिसला, मनगटासकट.

नेझा घरी बटाटे उकडत होती. रविवारपासून ती गुणगुणायला लागली होती, इतक्या वर्षांनी, आणि तिचं गुणगुणणं चुलीच्या धुराबरोबर घरभर फिरत होतं. त्याने तिला निलगिरीचा पाला उकळायला सांगितलं. तिने पातेलं पुढे ठेवलं, त्याच्या डोक्यावर चादर टाकली, आणि चादरीच्या बाहेरून तिचा आवाज आला, "बाशाकालाही असंच झालंय. आता बरा आहे. तुम्ही दोघं एका आईचे असल्यासारखे आजारी पडता आता." तिला त्यात आनंद वाटत होता. चादरीखाली वाफेत बसून सेरुगेंडोला दुसरंच पिल्लू दिसत होतं, पुष्कळ जुनं, नव्या पगारी नोकरीतलं पहिलं. त्याचाही पाय असाच तारेत. तेव्हा डॉक्टर लांब होता, रस्ता वाहून गेला होता, सगळ्यांनी नियम पाळले. पाय काळा पडला, मग वास यायला लागला, मग पिल्लू मेलं, आणि आई त्याला टाकेना. पाठीवर घेऊन फिरली, छातीशी घेऊन झोपली, त्याचे केस गळाले तरी विंचरत राहिली, शेवटी ते चामड्याच्या जुन्या पिशवीसारखं झालं आणि एक दिवस ती ते एका झाडापाशी ठेवून दोनदा मागे वळून बघून गेली. आपण काय केलं त्या वेळी? आपण लांब बसून पाला चावल्यासारखं केलं. सगळं ठीक आहे, असं म्हणत राहिलो. त्याला वाफेत घुसमटल्यासारखं झालं, पण चादर काढली असती तर नेझाला चेहरा दिसला असता. मास्क आहे की, त्याने स्वतःला सांगितलं. त्या मोठ्या साथीपासून आपण मास्क लावतोच. मास्क असला की झालं.

सकाळी फाटकावर कपाळाला ते पिस्तूल लावतात ताप बघायचं, ते लावलं. ताप नव्हता. डॉक्टर केमिगिशाने नेहमीसारखं विचारलं, "खोकला, सर्दी, जुलाब?"

"म्हातारपण," सेरुगेंडो म्हणाला.

"त्याला आमच्याकडे सुई नाही," ती हसून म्हणाली आणि पुढच्याकडे वळली. इतकं सोपं होतं ते. त्याला वाटलं होतं की काहीतरी अडेल, दगड घसरेल, डोंगरच ढेकर देईल. काही नाही. बांबूत धुकं होतं, ओल होती, आणि घसा, दगाबाज, अगदी शांत होता.

मुतुरा ओढ्याच्या अलीकडे रसाळ देठ सोलत बसला होता, सालं एका बाजूला नीट, एखाद्या काटेकोर म्हातारीसारखी. सेरुगेंडो त्याच्यापुढे नेहमीच्या अंतरावर बसला. ओढ्यापलीकडे बंदुकीचा फुस्स आवाज झाला, जांबा एकदा ओरडली, आणि मुतुराचा हात देठावर थांबला. तो वास आला, मुतुरा बिथरला की काखेतून सुटणारा, जळक्या रबरासारखा. तो उठला. उभा राहिला तेव्हा पलीकडचं सगळं झाकलं गेलं. सेरुगेंडोने घशाच्या तळातून आवाज काढला, पण मास्कच्या कापडात तो भिजला, बुजला, कुठल्या तरी अनोळखी जनावराचा झाला. मुतुराने डोकं तिरकं केलं. त्याला डोळे दिसत होते, चेहरा नव्हता. पलीकडे डॉक्टर कुणाला तरी कुजबुजून म्हणत होती, तार रुतलीय, पकड दे, पकड दे. मुतुराने एक पाऊल ओढ्याकडे टाकलं.

सेरुगेंडोने मास्क खाली ओढला.

तो ते ठरवून करत नव्हता असं नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. हात गेला आणि ओढला. थंड हवा ओठांना लागली. गुळगुळीत दाढी, तोच तो चेहरा. त्याने मिटल्या तोंडाने म्हटलं, मी आहे, सगळं ठीक आहे, आणि मुतुराच्या कपाळावरची आठी सुटताना त्याला दिसली. मुतुरा वळला. त्याच्याकडे आला. नियमापेक्षा जवळ आला, नाडी ओढली होती तेवढ्या जवळ, आणि धपकन बसला. त्याचा श्वास सेरुगेंडोच्या गालावर, सेरुगेंडोचा त्याच्या. पलीकडे तार तुटेपर्यंत दोघं एकमेकांना तेच ते सांगत बसले. मध्ये एकदा घशात ती नखी हलली. सेरुगेंडोने ती दाबली, दाबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती सुटली, फार मोठी नाही, ओठ मिटलेलेच होते बहुतेक. मुतुराने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. तेवढंच. पलीकडून डॉक्टरचा आवाज आला, "निघाली! हात राहतोय!" आणि माणसं बांबूआड लपून बिनआवाजी टाळ्या वाजवायला लागली.

खाली उतरल्यावर डॉक्टरने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. बाशाकाने बोकड कापला. तोडलेली तार कुणीतरी त्याला आणून दिली होती. ती त्याने सेरुगेंडोच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "हा शेवटचा, दाजी. आता डोंगर मोकळा." सेरुगेंडोने मांसाचा तुकडा तोंडात घोळवत ठेवला.

मग कळप खोकू लागला. आधी एक अर्धवट वयाचा नर, मग दोन माद्या, मग नाकांतून शेंबूड, मग दुपारी उन्हात सगळे पडून, कुणी कुणाचे केस विंचरेना. सेरुगेंडोचा स्वतःचा खोकला तोवर गेला होता. उशिरा का होईना, सुट्टी मागून तो घरी बसला होता, पोटदुखीचं सांगून, आणि परत आला तेव्हा हे. ते रागावतात तेव्हाही खोकल्यासारखंच खेकसतात, कोरडं, तुटक. नव्या लोकांना फरक कळत नाही. त्याला कळला. झाडीत शिरायच्या आधीच कळला. डॉक्टरने बंदुकीतून औषध मारलं, ज्यांना मारता आलं त्यांना. तिने कागद चाळले, माणसं आठवली, आणि फाटकावर सगळ्यांचं एकमत झालं की मागे गोरिला बघायला आलेली ती हॉलंडची म्हातारी, जी मास्कमधून शिंकली होती, तिचंच हे. सेरुगेंडोलाही विचारलं. त्याने मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते विचारणाऱ्याने आपल्या सोयीने घेतलं. किसोरोत आता त्या म्हातारीची गोष्ट रंगली आहे, ती आता सात फूट उंच झाली आहे आणि तिच्या शिंकेने दोन बांबू मोडले आहेत. बटाटेवाला ती सांगतो आणि सुलैतीचा वस्तरा हसून थरथरतो. सेरुगेंडो ते ऐकत दाढी करून घेतो.

बाकीचे सावरले. मुतुरा नाही. औषधाच्या दोन सुया लागूनही नाही. त्याने गादी करणं सोडलं, मग देठ सोलणं सोडलं, आणि एका उंबरठ्यासारख्या मुळावर टेकून बसला, पाठ खचलेली, रुपेरी केस ओले, प्रत्येक श्वासाला आतून सुकी पानं तुडवल्यासारखा आवाज. आज सकाळी गाहिंगा डोंगराच्या बाजूने छाती बडवल्याचा आवाज आला. पोकळ, पट्पट्पट्, तरणा आवाज. एकटा हिंडणारा नर. तो मुतुराच्या श्वासाकडे कान लावून आहे. मुतुरा गेला की तो येईल, माद्या घेईल, आणि मुतुराचं जे पिल्लू अंगावर पितं आहे ते एका चाव्यात मारील, म्हणजे जांबा लवकर पुन्हा माजावर येईल. त्यांचा रिवाजच तो. त्यात माणसाने पडायचं नसतं, तो नियमही सेरुगेंडोला पाठ आहे. हात वाचवला. हाताला जोडलेलं जे होतं त्याला आता कुणी वाली नाही.

आणि ते पिल्लू, मनगटाभोवती गुलाबी, केस नसलेलं कडं मिरवत, जांबाच्या मांडीवरून घसरून उतरलं आणि सेरुगेंडोकडे यायला लागलं. डुलत, पडत, गवत तोंडात. त्याला बुटाची नाडी दिसली होती. सेरुगेंडो मागे सरकला, ते पुढे आलं. त्याने उठून कोयत्याची पाठ बांबूवर हाणली, पुन्हा हाणली, आयुष्यात कधी नाही तो त्या डोंगरात ओरडला, त्यांच्याच भाषेत खेकसला, कोरडं, तुटक, खोकल्यासारखं: जा. माणसाला भी. कुणीतरी शिकवलंच पाहिजे होतं तुला, जा. पिल्लू थांबलं. बसलं. ओठ थरथरले, आणि त्याने मान वळवून बापाकडे बघितलं.

मुळाशी टेकलेल्या मुतुराने डोळे उघडले. त्याने आधी सेरुगेंडोकडे बघितलं, कोयत्याकडे नाही, चेहऱ्याकडे. आरड्याओरड्यात मास्क केव्हाच हनुवटीखाली गेला होता. मग तुडवल्या जाणाऱ्या पानांतून, फार खालून, दोनदा, त्याने पिल्लाला सांगितलं की सगळं ठीक आहे.

पिल्लू उठलं आणि नाडीकडे यायला लागलं.